पंख्यावर शिकलेली उडी

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि शुद्धलेखन चौथीतच राहिलं, त्याबद्दल माफी असावी. पण शेजारचे भाऊ लिहून ठेवण्यासारखे आहेत.

मानकोलीचं शेत गोदामवाल्याला विकल्यावर ते मलेशियाला फिरून आले. तिथे म्हणे एका उभ्या नळकांड्यात खालून मोठ्या पंख्याचा वारा सोडतात आणि माणूस त्यावर तरंगतो. तेव्हापासून भाऊ ओट्यावर पोटावर झोपून, हातपाय पसरून येणाऱ्याजाणाऱ्याला शिकवतात. "हनुवटी वर, पोट खाली. काय डेंजर न्हाय, ताई. पडलो तरी जाळी हाय." पुढच्या सहलीत खऱ्या विमानातून उडी मारायची म्हणून त्यांनी वहिनींचे भिशीचे पैसे उसने घेतले.

"विमानाखाली कंची जाळी हाय?" वहिनी म्हणाल्या. "आधी गच्चीवरच्या टाकीचं झाकण लावून दाखवा."

भाऊ शिडीने चढले, झाकण लावलं आणि खाली बघितलं. मग टाकीवरच पोटावर झोपले. हनुवटी वर, हातपाय पसरलेले, अगदी शिकवत होते तसे. फक्त डोळे घट्ट मिटलेले.

"खालून पंखा लावू काय?" वहिनींनी विचारलं.

मला हसू आवरेना, पण शिडी मीच धरली. मी कुणाशी फारसं बोलत नाही, तरी त्या दिवशी मोठ्याने सांगत राहिले, "डावा पाय, भाऊ. आता उजवा."

खाली आल्यावर भाऊ घाम पुसत म्हणाले, "वाऱ्यात आपण पास हाय. उंचीचा पेपर मात्र दुसराच हाय."

संध्याकाळी त्यांनी पैसे परत आणून दिले. वहिनींनी माझ्यासमोरच मोजले. पूर्ण होते.