झुंबरबाईचे हात

आमच्या शेजारच्या विठाकाकूनं तिच्या मेलेल्या सासूला शब्द दिला, तेव्हा मी शाळकरी पोर होते आणि नदीकाठी सगळ्यांच्या मागं उभी होते. एक्क्याण्णव साल. सासूचा, म्हणजे झुंबरबाईचा, दहावा होता. पिंडाला कावळा शिवेना. काकूच्या नवऱ्यानं, आकारामकाकांनी, आईला म्हशी सांभाळायचा शब्द दिला, बहिणीचं लग्न लावून द्यायचा दिला, कावळे झाडावरच. ऊन चढलं, माणसं चुळबुळायला लागली. शेवटी काकू पुढं झाली आणि म्हणाली, "आत्ती, तुमची मिसरी मी चालवीन." तेव्हा कुठं एक कावळा खाली आला.

मिसरी म्हणजे तव्यावर भाजून काळी केलेल्या तंबाखूची पूड. झुंबरबाई ती रोज हिरड्यांवर घासायची. काकूला तिच्या वासानंसुद्धा मळमळायचं. पण दुसऱ्या दिवसापासून ती सासूचीच डबी घेऊन चुलीपुढं बसायला लागली. शब्द म्हणजे शब्द! मला असल्या शब्दांची चीड येते, पण तेव्हा मला कोण विचारतंय?

वर्षं गेली. काकूच्या हिरड्या सुजल्या, रक्त यायला लागलं, दात हलायला लागले. मग सकाळी उठल्यावर मूठ वळेना. तीन म्हशींच्या धारा एकटी काढणारी बाई, तिला आचळ धरवेना. बोटं हळूहळू करंगळीच्या बाजूला कलली. झुंबरबाईची बोटं अशीच होती, तिरकी.

वडगावच्या बाजारात ती बांगड्या भरायला गेली, तेव्हा मी सोबत होते. कासार म्हातारा, नजर गेलेली. हात चाचपूनच माप ओळखायचा. त्यानं काकूचा हात धरला, बोटांवरून अंगठा फिरवला आणि थांबला.

"झुंबरबाई," तो हसून म्हणाला, "लई दिसांनी आलीस."

काकूनं हात सोडवून घेतला. बांगड्या न भरताच आम्ही परत आलो.

मग तो भास घरातच शिरला. एका पहाटे चुलीच्या उजेडात काकू हिरड्या घासत बसली होती. आकारामकाका दारात आले, त्यांनी ती बोटं पाहिली आणि हळूच हाक मारली, "आई?" त्यानंतर बायकोच्या हातचा चहा घेताना ते कधी वर बघत नसत. गल्लीत कुजबुज सुरू झाली, झुंबरबाई हिच्यात आलीय, तिला मिसरी पुरत नाही. झालं! सासूला शांत करायला काकू दुपारचीही घासायला लागली. हात आणखी वाकले.

दोन हजार सहा साली मी तिला जवळजवळ ओढतच कोल्हापुरात नेलं. डॉक्टरांनी बोटं पाहिली, आमवात आहे म्हणाले, आणि मग म्हणाले, "तोंड उघडा."

काकू भडकली. "हात दुखत्यात माझं, दात न्हाईत!"

त्यांनी शांतपणे समजावलं. हिरड्यांतल्या जंतूंशी लढता लढता शरीर आपल्याच सांध्यांवर उठत असावं, असं आता काही संशोधकांना वाटतं. अजून सगळं पक्कं नाही, पण तंबाखूनं हिरड्याही बिघडतात आणि सांधेही. सासूच्या बोटांचं मी सांगितलं, तेव्हा म्हणाले, त्यांनाही बहुतेक हेच झालं असेल. गोळ्या सुरू करा, शाहूपुरीत दातांच्या डॉक्टरांकडून हिरड्या साफ करून घ्या, आणि मिसरी बंद. वाकलेली बोटं सरळ होणार नाहीत, पण उरलेत तेवढे हात वाचतील.

एसटीत काकू आपली बोटं बघत बसली होती. हात वाचवायचे तर मेलेल्या बाईला दिलेला शब्द मोडायचा. आणि मोडला तर ती कुणावर उठेल? नवऱ्यावर? पोरांवर? मला तिची कीव येत होती, आणि खरं सांगते, भीतीही वाटत होती.

घरी आल्या आल्या तिनं डबी उकिरड्यावर उपडी केली. आकारामकाका पांढरेफटक पडले.

"अगं, आई ईल की!"

"ईना का," काकू म्हणाली. तिरक्या बोटांनी तिनं पदर खोचला. "आली तर तिलाबी शाहूपुरीला दाताच्या डाक्टरकडं न्हेते. जलमभर चुलीम्होरं हात चोळत बसायची. दुकतंय का म्हणून कुणी इचारलं न्हाय तिला. मीबी न्हाय."