वर्नाच्या बर्फावर कोण येतं?

वर्ना कोस्टिनिकचा धंदा पाणी गोठवण्याचा, पण तिला मात्र जिकडे तिकडे पाणी मुरतानाच दिसायचं. होलुबिन गावातल्या आइस हॉकीच्या बर्फाची ती तीस वर्षांपासूनची राखणदार. पत्र्याची भलीमोठी शेड, आत लाकडी कठड्यांनी वेढलेला बर्फ, एका टोकाला डोरीनचं कॅन्टीन आणि दुसऱ्या टोकाला बर्फ तासून वर गरम पाणी सोडणारं अवजड यंत्र. ते यंत्र चालवायचं, बर्फाची जाडी मोजायची, खड्डे बुजवायचे, ही झाली नोकरी. संशय घेणं हा तिने आपणहून पत्करलेला जोडधंदा.

पाद्रीबाबांनी प्रवचन लवकर आटोपलं की ती शेजारणीच्या कानात म्हणायची, "घाई कसली असेल? कुठेतरी पाणी मुरतंय." डोरीनने पिरोगीत, म्हणजे उकडलेल्या करंजीत, चीज सढळ हाताने घातलं की, "कालचं उरलेलं दिसतंय." एकदा तिचा हरवलेला हातमोजा कुणीतरी स्वच्छ धुऊन परत आणून दिला, तर आठवडाभर ती एकच घोकत होती: धुवायची वेळ का आली? गावातली पोरं तिला तेता म्हणत, म्हणजे मावशी, आणि तेताच्या नजरेतून सुटायचं म्हणजे किती कठीण आहे हे पोरांइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

ती जन्मतः अशी नव्हती, हेही सांगायला हवं. तिचा नवरा ओरेस्ट पोटॅशच्या खाणीत होता. तिथे त्याच्या पाठीचा मणका सरकला आणि विम्याचे पैसे सुरू झाले. मग एका सप्टेंबरमध्ये विमावाल्यांचं पाकीट आलं. आत फोटो: ओरेस्ट अंगणातून बटाट्याचं पोतं उचलून नेतोय. त्या पोत्यानंतर तो तीन दिवस अंथरुणातून उठला नव्हता, पण अंथरुणाचा फोटो कुणी काढला नव्हता. पैसे बंद झाले. फोटो रस्त्यावरून काढलेला होता, म्हणजे काढणारा गावातलाच. कोण, ते कधी कळलं नाही. त्यामुळे वर्नाला सगळ्या गावावर संशय घ्यावा लागला, दुसरा इलाजच नव्हता. याला आता अठरा वर्षं होऊन गेली होती.

आणि त्या वर्षी कोल्बी वासिलीक गावात परत आला.

कोल्बी म्हणजे होलुबिनने मोठ्या लीगला दिलेला एकुलता एक खेळाडू. सहा वर्षांचा होता तेव्हा शाळेच्या आधी सराव करता यावा म्हणून वर्ना त्याच्यासाठी पहाटे साडेपाचला शेड उघडायची. मोठा झाला, नाव काढलं, सत्ताविसाव्या वर्षी आठ वर्षांचा घसघशीत करार मिळवला आणि चौथ्याच वर्षी त्याचा खुबा मोडला. दोन शस्त्रक्रिया झाल्या. खेळ संपला, करार राहिला.

मोठ्या लीगचा नियम असा, की एका संघाने सगळ्या खेळाडूंवर मिळून ठरलेल्या आकड्याच्या वर खर्च करायचा नाही. मग न खेळणाऱ्याचा जाडजूड करार म्हणजे संघाच्या गळ्यातली धोंडच. ती फेकून देता येत नाही, पण दुसऱ्याच्या गळ्यात बांधता येते. घेणाराही फुकट घेत नाही, सोबत एखादा उमदा तरुण खेळाडू मागून घेतो. कोल्बीला असं चार वेळा इकडून तिकडे ढकललं होतं. त्यातल्या दोन शहरांत त्याने पाऊलही टाकलं नव्हतं. सध्या तो ज्या संघाच्या नावावर होता, तो दक्षिणेतला, जिथे बर्फ फक्त सरबतात बघायला मिळतो.

आणि एक शब्द त्याला तोंडातून काढता येत नव्हता. निवृत्त. तो शब्द निघाला की करार खलास, पगार बंद. म्हणून कुणीही विचारलं की तो म्हणायचा, "उपचार चालू आहेत. बघू." आईच्या घरात राहायचा, काठी घेऊन चालायचा आणि ज्याला त्याला "बघू" म्हणायचा.

"नाही म्हणाला," डोरीनने काउंटर पुसता पुसता बातमी दिली. "शेडच्या कमिटीचा अध्यक्ष मायरन स्वतः गेला होता घरी. म्हणाला, तुझा सतरा नंबरचा शर्ट शेडच्या छताला टांगतो, अख्ख्या गावाला जेवण घालतो. तर हा म्हणतो, नको, अजून वेळ आहे."

"वेळ? कसला वेळ?" वर्नाने कॉफीचा कप खाली ठेवला.

"अगं, शर्ट टांगला म्हणजे खेळ संपला असाच अर्थ होतो ना! उद्या त्या दक्षिणेतल्या साहेबांनी पेपरात फोटो बघितला तर?"

"मी काय पेपरवाली आहे? परवा पोस्टात भेटला. म्हटलं, काय रे, खुबा कसा आहे? तर आधी मागे बघितलं, मग पुढे बघितलं आणि म्हणाला, बघू, तेता. मला बघू! याचं शेंबडं नाक मी पुसलंय, डोरीन."

"तू गावात सगळ्यांचंच पुसलंयस, माहितीय आम्हाला."

"ज्याचं खरंच दुखतं, तो दुखतंय म्हणून सांगतो. आजूबाजूला बघत नाही."

"आणि खरंच बरा असेल तर एव्हाना खेळत नसता?"

"बसून मिळतंय तर खेळेल कशाला?" वर्ना उठली. "कुठेतरी पाणी मुरतंय."

डोरीनने तिचा कप उचलून विसळायला घेतला.

त्याच आठवड्यात वर्नाला बर्फावर डाग दिसला. ती रोज बारा ते दोन घरी जेवायला जायची, तेव्हा शेड बंद असायची. बुधवारी परत आली तर मागच्या दारापाशी, कठड्याच्या कडेला, बर्फाचा एक पट्टा दुधाळ दिसला. तुमच्या-माझ्या नजरेला तो दिसलाही नसता. वर्ना बर्फावर गरम पाणी सोडायची, कारण गरम पाण्याचा बर्फ काचेसारखा स्वच्छ होतो. नळाचं गार पाणी गोठलं की पांढुरकं दिसतं. म्हणजे कुणीतरी नळावरून बादली भरून इथे ओतली होती. कशासाठी? बुटांच्या पात्यांनी पडलेल्या रेघा बुजवायला. कुणाच्या रेघा?

पुढच्या बुधवारीही तेच. या वेळी कठड्याच्या अगदी खाली एक वीतभर रेघ बुजवायची राहून गेली होती. वर्ना गुडघ्यांवर बसली आणि तिने रेघेत नख घालून पाहिलं. खोल, धारदार. गावातली पोरं बोथट पात्यांवर खेळतात, कारण धार लावून देणारी वर्नाच आणि तिला वेळ नसतो. अशी धार होलुबिनमध्ये एकाच माणसाच्या बुटांना असणार. मागच्या दाराची कडी खांद्याने रेटली की निघते, हेही इथे वाढलेल्या पोरालाच माहीत.

तिच्या डोक्यात सगळं पटापट जुळलं. काठी खोटी, लंगडणं खोटं. दुपारी गुपचूप येऊन सराव करतो, रेघा बुजवतो आणि पोस्टात तोंड पाडून उभा राहतो. ओरेस्टने एक पोतं उचललं तर त्याचं सगळं गेलं आणि हा बेटा पात्यांवर नाचून राजासारखा राहतोय. ती संतापली. खोटं कशाला सांगा, त्या संतापात थोडा आनंदही होता. इतक्या वर्षांनी तिचा एक संशय खरा ठरत होता.

मंगळवारी जेवताना तिने ओरेस्टला सांगितलं. "उद्या मी घरी येणार नाही. तिथेच बसून राहणार. पकडते त्याला."

ओरेस्ट बीटच्या सुपात पाव बुडवत होता. "पकडून काय करणार?"

"फोटो काढणार. डोरीनला दाखवणार, मायरनला दाखवणार. बघू दे गावाला."

ओरेस्टचा हात सुपावरच थांबला. त्याने बायकोकडे बघितलं. मग पाव तसाच ताटलीत ठेवून तो उठला आणि पाठीला हात लावून आतल्या खोलीत गेला. वर्नाला वाटलं, पाठ दुखत असेल.

बुधवारी ती यंत्रामागे दबा धरून बसली. साडेबाराला मागची कडी खडखडली. कोल्बी आत आला, एका हातात काठी, खांद्यावर पिशवी. बाकावर पाठमोरा बसून तो बूट चढवू लागला. त्याला पाव तास लागला. पाव तास! वर्ना मनात म्हणाली, इथे बघायला कुणी नाही, तरी नाटक चालूच. मग त्याने कठड्याचं दार उघडलं, काठी बाहेर टेकवून ठेवली आणि बर्फावर पाय ठेवला. क्षणभर तो ताठ उभा राहिला, दोन्ही हात मोकळे, मान वर, चौतीस वर्षांचा धडधाकट गडी. वर्नाने फोन वर केला आणि फोटो काढला.

त्यानंतर कोल्बीने मागे हात घातला आणि कॅन्टीनची प्लास्टिकची खुर्ची बर्फावर ओढून घेतली.

त्या खुर्चीची पाठ धरून तो पुढे सरकू लागला. होलुबिनमध्ये चार वर्षांची लेकरं असंच शिकतात, पुढे खुर्ची ढकलत, ढुंगण मागे काढून. डावा पाय सरकायचा, उजवा मागून फरफटत यायचा. दहा हात गेल्यावर तो थांबला, धापा टाकल्या आणि मग खुर्ची सोडून बघितलं. एक पाऊल टाकलं. दुसऱ्याला खुबा वळला नाही आणि तो आडवा झाला, ओंडका पडावा तसा. उठायला गेला, जमलं नाही. मग तो कोपरांवर कठड्याकडे सरपटू लागला.

वर्ना धावली. बर्फावर रबरी बुटांनी धावायचं नसतं हे ती तीस वर्षं दुसऱ्यांना ओरडून सांगत आली होती.

"हलू नकोस! कुठे लागलं? थांब रे, मी धरते."

कोल्बीने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. तो तिच्या हाताकडे बघत होता. फोन अजून हातातच होता.

"फोटो काढलास, तेता?"

खोटं बोलणं सोपं होतं. "हो," वर्ना म्हणाली. "एकच."

"दाखव."

तिने दाखवला. कोल्बीने बर्फावर पडल्या पडल्या तो बराच वेळ पाहिला. "छान आलाय," तो म्हणाला. "चार वर्षांत असा उभा राहिलो नव्हतो. हा बघितला तर माझी आईसुद्धा म्हणेल, मुलगा बरा झाला."

"पुसते. हे बघ, पुसला."

"पुसलेले वेगळ्या कप्प्यात जातात. तिथे असतोच."

"मग तूच काढ तिथून. घे." तिने फोन त्याच्या हातात कोंबला. त्याने दोनतीनदा बोट फिरवून फोन परत दिला. वर्नाने त्याच्या काखेत हात घालून त्याला कसाबसा बाकापर्यंत आणला. त्याचा चेहरा दुखण्याने पांढरा पडला होता आणि आता तिला त्यात नाटक दिसत नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटत होती.

"कशाला येतोस रे? मेला असतास इथे."

"एक फेरी मारायची होती. खुर्चीशिवाय, एकच. ती झाली की मनाशी म्हणणार होतो, संपलं. दुसरीकडे कुठे म्हणता येत नाही." तो थांबला. "तो फोटो कुणाला पाठवलास?"

"कुणालाच नाही! पाठवायला वेळ तरी होता का मला?"

"तुला हे करायला सांगितलं कुणी? संघवाल्यांनी की विमावाल्यांनी?"

"कुणी नाही रे. माझी मीच."

"तुझी तूच," कोल्बी म्हणाला. "चार वेळा विकलाय मला, तेता. दर वेळी आदल्या दिवशी साहेब खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, कुठेही जाणार नाहीस तू, काळजी करू नको."

"मी साहेब आहे का? मी तुझ्यासाठी पहाटे दार उघडलंय."

त्याने मान हलवली, पटल्यासारखी नव्हे, ऐकल्यासारखी. मग कोटाच्या आत हात घालून पाकीट काढलं आणि मांडीवर उघडलं.

"किती घ्याल, मिसेस कोस्टिनिक?"

आयुष्यात कुणी तिला असं विचारलं नव्हतं. आणि या पोराच्या तोंडून 'मिसेस' तर तिने कधीच ऐकलं नव्हतं. तिच्या हाताला शिवशिव सुटली, एक ठेवून द्यावीशी वाटली. पण त्याच्या जागी ती असती, तर तीही हेच धरून चालली असती आणि तिने पाकीट याच्याही आधी काढलं असतं.

"ठेव ते आत," ती म्हणाली. "पाय पुढे कर."

त्याला वाकता येत नव्हतं हे आता दोघांनाही माहीत होतं. ती खाली ओल्या रबरी चटईवर बसली, त्याचा बूट मांडीवर घेतला आणि घट्ट बसलेली नाडी एकेका भोकातून सैल करू लागली. कोल्बीने तिला बूट काढू दिले. पण दोन्ही बूट निघेपर्यंत त्याची नजर तिच्या फोनच्या खिशावर होती. वर्नाने मान वर केली नाही.