शाईनं काढलेला चरखा

जुने झेंडे जमवण्याचा नाद मला कोकणातच लागला होता. सिल्वासाच्या शाळेत मास्तर म्हणून नेमणूक झाली तेव्हा माझ्या ट्रंकेत कपडे कमी आणि झेंडे जास्त होते. दर महिन्याला मी ते उलगडत असे. घडी दरवेळी वेगळ्या जागी घालायची, नाहीतर कापड त्याच रेघेवर फाटतं. मधे कडुलिंबाचा वाळवलेला पाला. सोबतचे मास्तर म्हणत, लग्न झालं नाही म्हणून हे खूळ. म्हणोत बापडे.

एकदा शाळेचं कपाट आवरताना एक निशाण सापडलं आणि माझी झोपच उडाली. पोर्तुगीज गेले त्या दिवशी इथे फडकवलेलं. शाळेत पाणी भरणाऱ्या मावशींनी ते हातानं शिवलं होतं आणि त्यांच्या नवऱ्यानं मधोमध शाईनं चरखा काढला होता. झेंड्यावर चक्र येऊन तेव्हा सात वर्षं झाली होती, पण परक्या राज्यात राहणाऱ्या त्या माणसाला कुठूनसं पाहिलेलं जुनं चित्रच ठाऊक. तो आता हयात नव्हता. त्याचा एक फोटोसुद्धा मावशींकडे नव्हता.

निशाण उंदरांनी कुरतडलं होतं. हेडमास्तर नियमाचे पक्के. फाटका झेंडा मानानं, चारचौघांच्या नजरेआड जाळायचा, म्हणाले. मी अक्षरशः हातापाया पडलो.

"सर, हे पुन्हा मिळायचं नाही. मी सांभाळतो."

"उंदरांच्या तोंडी देऊन शाळेनं सांभाळलंच की," ते म्हणाले. त्यांना खरंच लाज वाटत होती. निशाण पांढऱ्या खादीत बांधून आणायचं काम त्यांनी माझ्यावरच सोपवलं.

मधल्या सुट्टीत मी खोलीवर गेलो आणि माझ्या ट्रंकेतला सर्वांत जीर्ण झेंडा त्या खादीत बांधला. आयुष्यात परक्याच्या झाडाचा आंबा उचलला नव्हता मी. पकडलो गेलो तर नोकरी जाणार हे कळत होतं, तरी गाठ मारली.

शाळेमागे चिता रचावी तशी लाकडं रचली होती. तिथे मावशी उभ्या. हेडमास्तरांनी त्यांना मुद्दाम कळवलं होतं. सकाळपासून उपाशी, अंघोळ करून ओलेत्या केसांनी आलेल्या, हातात तांब्या.

"एक वार उघडून दाखवा ने, मास्तर," त्या म्हणाल्या. "त्याच्या हातची रेघ हाय त्याच्यावर. बघते नि सोडते."

मी गाठोडं छातीशी धरलं.

"नियमात बसत नाही, मावशी."

असा कुठलाही नियम नव्हता. हेडमास्तरांनी माझ्याकडे चमकून पाहिलं आणि लाकडं सारखी करायला वाकले. मावशींनी मात्र विश्वास ठेवला. मान हलवली, गाठोड्याला हात लावून तो कपाळाला लावला. माझा कुठला कोणाचा झेंडा जळत होता आणि ती बाई हमसून हमसून रडत होती. राख निवल्यावर त्यांनी ती तांब्यात भरली आणि एकट्याच दमणगंगेकडे चालत गेल्या.

दोन दिवस तसेच काढले. तोंडानं बोलवेना, मनात राहवेना. तिसऱ्या दिवशी भर दुपारी निशाण घेऊन त्यांच्या घरी गेलो. नोकरी गेली तर जाऊ दे म्हटलं. ओट्यावर ते पसरलं आणि सगळं सांगून टाकलं.

चरखा दिसताच त्यांचा हात पुढे झाला. मग त्यांनी हात पदराखाली ओढून घेतला. ओरडल्या असत्या, शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं.

"त्याला मी नदीत सोडला, मास्तर," त्या हळूच म्हणाल्या. "पानी दिला. पानी दिलेला मानूस परत घरात घेतात काय कोन? मागितला तवा दाखवायचा होता. डोळे भरून बघितला असता."

"चुकलो, मावशी," म्हणत मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी पाय मागे घेतले, आत गेल्या आणि दार लोटलं.

ओट्यावर निशाण तसंच पसरलेलं होतं. ते उचलून न्यायचं, तर आता कोणाचं म्हणून न्यायचं, हे मला कळेना.