गुंडू म्हणजे गोळी

लग्न होऊन मी बंगळुरात आले तेव्हा राजाजीनगर नुकतंच वसत होतं. घरं थोडी, मोकळे प्लॉट फार. आमच्या गल्लीत पाच-सहा घरं मराठी, सगळे पुरुष एकाच सरकारी कारखान्यात, एकाच बसनं जाणारे. माझं माहेर निपाणीकडचं, त्यामुळं कानडी आणि मराठी माझ्या तोंडात एकाच चुलीवर शिजलेली. सासर मात्र साताऱ्याचं. सासूबाईंना कानडी येत नसे, पण येत नाही असं त्या कधी म्हणायच्या नाहीत. चार शब्द कानावर घ्यायच्या, त्यांना मराठी अर्थ चिकटवायच्या आणि पुढं चालू पडायच्या.

कानडीत दूध म्हणजे हालू. दारात गाय आणून धार काढून देणारी बाई होती, तिला सगळी गल्ली हालम्मा म्हणायची. सासूबाईंना त्याची मोठी गंमत. "काय बाई नाव! आधीच हाल, त्यात अम्मा." मग दोघी हसायच्या. आपण कशाला हसतोय ते हालम्माला कळत नसे, पण समोरचं माणूस हसलं की तीही हसायची.

तिचा एकुलता मुलगा यशवंतपूरच्या बाजारात हमाली करायचा. पंचविशीतला, अंगानं थोराड. कधी आईचे गुडघे धरले की तोच गाय घेऊन यायचा. सासूबाईंनी त्याला एक मराठी शब्द शिकवला होता, पुरे. तो पातेल्यात दूध ओतताना दर धारेला विचारायचा, "अम्मा, पुरे? पुरे?" आणि सासूबाई मुद्दाम म्हणायच्या, "पुरे कसलं मेल्या, घाल अजून थोडं." तोही घालायचा.

एका साली तांदूळ मिळेना झाला होता. रेशनच्या दुकानापुढं बायका पहाटेपासून पिशव्या रांगेत ठेवायच्या. एक दिवस यशवंतपूरकडं बोलवा उठली की अमक्या गोदामात तांदूळ दडवलाय. माणसं जमली, दगड आले, पोलीस आले आणि पोलिसांनी गोळ्या झाडल्या. आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. दुपारी मी आत पोराला न्हाऊ घालत होते. सासूबाई अंगणात सांडगे घालत होत्या. शेजारची अक्का भिंतीवरून ओरडली, "हालम्मन मगनिगे गुंडु बित्तंते!"

आता बघा. गुंडू म्हणजे बंदुकीची गोळी. हालम्माच्या मुलाला गोळी लागली म्हणे, एवढंच ती बिचारी सांगत होती. सासूबाईंना हालम्मा कळली, कानडीत 'मग' म्हणजे मुलगा हेही एव्हाना कळत होतं, आणि पुढचा शब्द त्यांनी आपल्या मराठीनं पुरा केला. हालम्माचा मुलगा गुंड! मी पोराला पुसून बाहेर येईतो सांडग्यांचं पीठ तसंच टाकून त्या पलीकडच्या मराठी घरात पोचल्यासुद्धा होत्या.

तो मेला हे संध्याकाळी कळलं. तोवर आमच्या घराघरांतून तो गुंड झाला होता. कुणी त्याच्या हातात सुरा दिला, कुणी त्याला आधी एकदा तुरुंगात पाठवून परत आणला. एकजण तर म्हणाली, "मला त्याचे डोळे कधीच आवडले नाहीत."

मी रात्री जेवायला वाढताना सासूबाईंना म्हटलं, "अहो, गुंडू म्हणजे गुंड नव्हे. गोळी. त्याला गोळी लागली असं अक्का म्हणत होती. सकाळी तो गाईची पेंड आणायला म्हणून गेला होता, आपल्याच दारात सांगून गेला."

त्यांचा घास हातात राहिला. क्षणभर वाटलं, आता रडतील. मग म्हणाल्या, "असेल बाई. पण गुंड असल्याशिवाय गुंडू लागेल का?"

माझा नवरा हसला. माणूस वाईट नव्हता हो, शब्द जमला म्हणून हसला. पण दुसऱ्या दिवशी तेच वाक्य कारखान्याच्या बसमध्ये गेलं आणि तिथून सगळ्या घरांत परत आलं. गुंड असल्याशिवाय गुंडू लागत नाही. म्हण झाली तिची. चूक सुधारली होती, तिच्या जागी म्हण बसली.

सासूबाई दुष्ट होत्या असं समजू नका. त्यांचा थोरला भाऊ पोलिसात जमादार होता. फेटा बांधलेला त्याचा फोटो आमच्या बैठकीत देवाशेजारी असायचा. त्याच्याच पगारावर त्या वाढल्या, त्यानंच त्यांचं लग्न लावलं. हालम्माचा मुलगा साधा माणूस होता असं म्हटलं, तर बंदूक चालवणारा कोण होता? हा प्रश्न त्यांना त्या फोटोखाली बसून सोसणारा नव्हता. त्यानं दगड उचलला होता की नाही, ते मला माहीत नाही. उचलला असेलही. पण मोकळ्या प्लॉटवर पोरं कुत्र्यांना रोज दगड मारायची, त्यांना कुणी गोळ्या घालत नव्हतं.

दिवसपाणी उरकल्यावर हालम्मा गाय घेऊन गल्लीत आली. दारं उघडीच होती, पण पातेली बाहेर आली नाहीत. कुणी आतूनच म्हणालं, दुसरीकडं रतीब लावलाय. कुणी नुसतंच, "बेडा." नको. तिला कारण कळलं होतं. "गुंडा" शब्द कानडीतही आहेच की.

आमच्या दारात ती थांबली. मी पातेलं घेऊन पुढं झाले, मागून सासूबाईही आल्या. त्यांनाही वाईट वाटत होतं, आवाज खाली आला होता. म्हणाल्या, "ये हालम्मा. घाल दूध. आज शेरभर जास्त घाल."

हालम्मा खाली बसली नाही. मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "अम्मा, माझा मग गुंडा?"

"नाही हालम्मा, नव्हता," मीच बोलले.

तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही. कानडीत म्हणाली, "तुझं मला ठाऊक आहे ग. घरातल्या थोरांनी म्हणू दे. ज्या तोंडातून गेलं त्या तोंडातून येऊ दे. मग दूध घालते."

मी ते सासूबाईंना मराठीत सांगितलं. शब्द न् शब्द, या वेळी चुकायला जागाच ठेवली नाही. त्या उंबऱ्यात उभ्या होत्या. ओठ हलले. एकदा मागं बैठकीकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "झालं ते झालं. तू दूध घाल. पैसे वाढवून देते."

पैसे हा शब्द हालम्माला मराठीतही कळत होता. तिनं दावं उचललं. "पुरे," म्हणाली. तिला तो शब्द कुणी शिकवला असेल ते सांगायला नको. गाय वळवली आणि गेली.

सासूबाई त्यानंतर पंधरा-वीस वर्षं जगल्या. पुढं बाटलीतलं दूध आलं, तेही त्यांनी कधी घेतलं नाही, कोरा चहा प्यायच्या. कारण विचारलं तर पोटाचं सांगायच्या. मराठी घरांत मात्र ती म्हण राहिली. पेपरात कुठं गोळीबार वाचला की कुणीतरी म्हणायचंच, आणि बाकीचे हसायचे. ती कुणावरून पडली हे नव्या सुनांना ठाऊकही नव्हतं.

हालम्मा मागच्या गल्लीतून जाऊ लागली. तिकडं तामिळ घरं होती, ती दूध घ्यायची. पण जनावर ते, त्याला कोण सांगणार? कितीतरी दिवस गाय आमच्या कोपऱ्यावर आली की फाटकाकडं ओढ घ्यायची. मी चुलीपाशी असायचे. गळ्यातली घंटा थांबायची, दावं ताणल्याचा आवाज यायचा, आणि मग हालम्माचा आवाज, लहान लेकराला समजवावं तसा.

"अल्ली बेडा," ती म्हणायची. तिथं नको.