झुलीचा लिलाव

दारव्ह्यात त्या साली कापसापेक्षा कळवळ्याची आवक जास्त होती. शेतकरी मेला की कुठून तरी जीप यायची, फोटो निघायचे, बिस्किटांचे पुडे वाटून जीप धूळ उडवत परत जायची. मथुराबाईला ही माणसं दुरूनच ओळखू यायची. ती माणसं आवाज मऊ करून बोलायची.

मथुराबाई बंडी हाकायची. नवरा गेल्यावर बैल विकायचे सोडून तिनं कासरा हातात घेतला आणि जिनिंगवर लोकांचा कापूस वाहिला. बाई बंडी हाकते म्हणून हसणाऱ्यांचाही वाहिला. एका पोळ्याला गावानं तिची जोडी रांगेच्या पार टोकाला उभी केली. शेजारच्या तांड्यावरची गंगी हे पाहत होती. गंगीच्या हातच्या टाक्यासाठी दूरदूरची माणसं यायची. तिनं वर्षभर बसून मथुराबाईच्या बैलाला झूल शिवली: लाल कापड, कडेनं कवड्या, मधे आरसेच आरसे.

"आता पाहू दे मेल्याहिले," गंगी म्हणाली होती, "आपलीच तोंडं दिसतीन."

दुसऱ्या बैलाची झूल शिवून व्हायच्या आत गंगी गेली. पुढं बैलही गेले. झूल पेटीत राहिली.

मग कापसाच्या कर्जानं गंगीच्या लेकाला, लखनला नेलं. त्याची पोर राखी दारव्ह्याच्या वसतिगृहात राहायला आली. तिथलं छप्पर गळत होतं. त्या छपरासाठी शहरातल्या 'सांत्वन मंचा'नं लिलाव ठेवला. प्रत्येकानं आपली एक लाडकी वस्तू द्यावी, असं आवाहन केलं. गावानं लग्नात आलेली बंद घड्याळं आणि कान तुटलेले कप दिले.

"माय, एखादं जुनं लुगडं दे," मथुराबाईचा मुलगा अश्वजित म्हणाला. "सारेच तसंच देऊन राह्यले."

"मंग त्याले दान कायले म्हनतं? भंगारवाला हाय ना त्याच्यासाठी."

तिनं झूल दिली.

कार्यक्रमाच्या दिवशी ती मागं, तांड्यावरच्या नेमसिंगजवळ बसली. सत्काराची वेळ आली आणि शाल शहरातच राहिल्याचं मंचाच्या विजयमालाताईंच्या ध्यानात आलं. ताई डगमगणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी लिलावाच्या टेबलावरून झूल उचलली आणि "ही आपल्या मातीतली पारंपरिक शाल!" म्हणत प्रमुख पाहुण्यांच्या खांद्यावर घातली. कवड्या खुळखुळल्या. पाहुण्यांनी छाती काढून फोटो दिला.

सभागृहात कुठं तरी कुणी फिसकन हसलं.

"याडी," नेमसिंग कुजबुजला. मथुराबाईला तो आईच म्हणायचा. "साहेबाले जुपतेत केव्हा?"

मथुराबाई हसली नाही. सत्काराची शाल पाहुण्याच्या गाडीत जाते, हे तिला ठाऊक होतं. छपराला त्यातलं काही मिळणार नव्हतं. ती उठली आणि सरळ व्यासपीठावर गेली.

"बाई, हे बैलाची झूल हाय. मी लिलावाले देल्ली, साहेबाले नाही."

"मावशी," ताईंनी आवाज मऊ केला, "भावना समजून घ्या ना."

"भावना राहू द्या. झूल काढा."

बैल हा शब्द ऐकताच पाहुण्यांनी स्वतःच झूल काढली. अंगावर पाल पडावी तशी झटकली.

लिलाव झाला. मघाशी 'वारसा, वारसा' म्हणून माना डोलावणाऱ्या पुढच्या खुर्च्यांना आता झुलीतून शेणाचा वास येत होता. एकही हात वर झाला नाही. मागून नेमसिंगनं बोली लावली आणि लिलाव तिथंच थांबला. ताईंनी पैशांसाठी डबा पुढं केला. मथुराबाईनं वसतिगृहाच्या बाईंना हाक मारून वर बोलावलं.

"पैसे याहिच्या हातात दे, नेमसिंग. डब्याले बूड हाय का नाही, मी पाह्यलं नाही."

बाहेर आल्यावर नेमसिंग घुटमळला. त्यानं झूल तिच्यापुढं धरली. "याडी, तूच ठेव. छपराले पैसे त भेटलेच."

तिनं झुलीवरून हात फिरवला. गंगीचा टाका उलट्या बाजूनंही सुलट्यासारखाच होता. 

"देल्लेलं वापस घेतलं, त मी आन् ते मंचवाले सारखेच."

झूल तिनं त्याच्या खांद्यावर टाकली. "तुहा बैल बुटका हाय. खालून दुमडून टाका घाल. नाही त पायात येईन."