बनाबाईचा अंगठा

महिपती ओव्हाळच्या कमरेला दोन किल्ल्या असायच्या. एक निमगाव केतकीच्या घराची आणि दुसरी बारामतीच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयातल्या मागच्या खोलीची. घराची किल्ली तो कधीमधी विसरायचा. खोलीची कधीच नाही. ती तो अशा थाटात खुळखुळवायचा की बघणाऱ्याला वाटावं, गडी ट्रेझरी सांभाळतोय. खोलीवर पाटी होती 'दुर्मीळ ग्रंथ विभाग'. आत बारा कपाटं, एक लांब टेबल, दोन खुर्च्या, आणि वर्षातले तीनशे दिवस एकटा महिपती.

पुस्तकं इंदापूरच्या एका वकिलांची. त्यांना मूलबाळ नव्हतं, म्हणून मरताना अकराशे पुस्तकं कॉलेजला देऊन गेले. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची शिळाछापाची पुस्तकं, पिवळी पडलेली पंचांगं, वैद्यकाची बाडं, गावोगावच्या जमीनमोजणीचे अहवाल. "यातली काही तर विद्यापीठाकडेसुद्धा नाहीत," असं ग्रंथपाल हिंदुराव सर पाहुण्यांना सांगायचे. पाहुणे 'वा वा' म्हणायचे आणि चहा प्यायला निघून जायचे.

महिपतीचं काम पुस्तकं सांभाळायचं. तो सातवी पास शिपाई. फडक्यानं पुसायचं, कडुलिंबाचा वाळला पाला कपाटात ठेवायचा, डांबराच्या गोळ्या बदलायच्या, वाळवीवर नजर ठेवायची. वाचायचं म्हणाल तर नाव नको. हलवाई काही आपली मिठाई खात नाही, तशातली गत.

संध्याकाळी एसटीनं भवानीनगर, लासुर्णे करत तो निमगावला पोचायचा. उसाचा हंगाम असला की रस्त्यात बैलगाड्यांची रांग लागायची आणि एसटी त्यांच्यामागं रांगत यायची. कितीही उशीर झाला तरी बनाबाई शेळ्या बांधून दारात बसलेली असायची. त्याच्या हातात पाण्याचा तांब्या द्यायची आणि विचारायची, "आज काय वाचलं तुमी?"

"मी शिपाई हाय, मास्तर न्हाय."

"येवडी पुस्तकं उशापायथ्याला, आन् एक बी उघडून बघत न्हाय? मला तरी दावा एकदा ती खोली."

"दावीन की."

हे 'दावीन की' अकरा वर्षं चाललं. बनाबाईला अक्षर येत नव्हतं. रेशनकार्डापासून शाळेच्या कागदापर्यंत सगळीकडे तिचा अंगठा. अशा बाईला त्या खोलीत न्यायचं म्हणजे साहेब काय म्हणतील, प्राध्यापक काय म्हणतील, असं महिपतीला वाटायचं. खरं सांगायचं तर त्याला तिची लाज वाटायची. हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही, तिला तर नाहीच. एकोणनव्वद साली तिला कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत ती गेली. पोरबाळ नव्हतंच. महिपतीनं शेळ्या विकल्या, आणि तेव्हापासून संध्याकाळी दारात कुलूप तेवढं त्याची वाट बघत बसू लागलं.

त्र्याण्णव साली हिंदुराव सरांनी त्याला बोलावून घेतलं. टेबलावर एक पत्र होतं.

"महिपती, विद्यापीठाचं पत्र आहे. जुनी पुस्तकं जिथं नुसती पडून आहेत तिथून ती पुण्याला, विद्यापीठाच्या ग्रंथालयात न्यायची. समिती येईल, रजिस्टर बघेल. वाचक येत असले तर खोली राहील. नाहीतर प्राचार्यांना ती कॉम्प्युटरसाठी हवीच आहे."

"आन् माझं काय, सर?"

"तुला गेटवर बसवू. तिथं वारा चांगला येतो."

गेटवर बसण्याचं महिपतीला दुःख नव्हतं. पण दिवसभर गेटवर आणि रात्री रिकाम्या घरात बसायचं, तर मग माणसानं स्वतःचं म्हणावं असं काय उरलं? ती खोली गेली तर आपण कशाला सकाळी उठायचं, हे त्याला कळेना.

त्यानं नवं रजिस्टर आणलं. स्केलनं रकाने आखले: तारीख, वाचकाचं नाव, गाव, पुस्तक, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, सही. रजिस्टर टेबलावर उघडं ठेवून तो वाट बघत बसला. चार महिन्यांत तीन वाचक आले. एक गणिताचे प्राध्यापक. ते पुस्तकावर डोकं ठेवून गाढ झोपले. दुसरी एक जोडी. पंचांग त्यांनी उलटं धरलं होतं, आणि त्यांचं भविष्य त्यात नव्हतंच. बस्स, संपली यादी.

मग एका मंगळवारी दुपारी महिपतीनं पेन उघडलं आणि लिहिलं, म्हस्कू ओव्हाळ, निमगाव केतकी. हा त्याचा बाप, वारून वीस वर्षं झालेली. छप्पन्न साली धम्म घेतल्यावर म्हाताऱ्यानं घरातले देव नदीत सोडले आणि पोराच्या पाटीवर सही गिरवायला घेतली. आयुष्यात तेवढी एकच गोष्ट तो लिहायला शिकला. ती वाकडी सही महिपतीला तोंडपाठ होती. पुस्तकाच्या रकान्यात त्यानं जमीनमोजणीचा अहवाल लिहिला, कारण बापाला दुसऱ्याच्या जमिनीची भारी चौकशी असायची.

दुसऱ्या दिवशी त्यानं लिहिलं, बनाबाई ओव्हाळ. गाव, पुस्तक, वेळ, सगळं सुरळीत झालं. सहीच्या रकान्यापाशी हात अडला. बनाबाईला सही येत नव्हती. खोटं तर लिहायचंच होतं, पण खोट्यातसुद्धा काही रीत असते की नाही! महिपती ऑफिसातून शिक्क्याचं पॅड घेऊन आला, डावा अंगठा जांभळ्या शाईत बुडवला आणि रकान्यात उमटवला. रेशनकार्डावर बनाबाईचा अंगठा डावाच होता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आता नाव लिहिलंय तर पुस्तकही काढलं पाहिजे. त्यानं गुराढोरांच्या आजारांवरचं एक जुनं पुस्तक काढलं आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढं ठेवलं. पुस्तक काढलंय तर कुणीतरी उघडलं पाहिजे. उघडलंय तर वाचलंही पाहिजे. महिपतीनं खुर्ची ओढली, घसा खाकरला आणि ओळीवर बोट ठेवून जुन्या वळणाचं एकेक अक्षर जुळवत मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. पहिल्या पानाला त्याला पाऊण तास लागला.

असं चार वर्षं चाललं. मंगळवारी बाप, एरवी बनाबाई. बाजाराच्या दिवशी बनाबाईचं नाव नाही, कारण त्या दिवशी तिला सवड नसायची. महिपती जुनी अक्षरं झराझरा वाचायला शिकला. मध्येच थांबून म्हणायचा, "बघ बना, शेळीचं पोट फुगल्यावर गोडं तेल पाजायचं, हे तू कुणाला इचारून करत हुतीस? हितं शंभर वर्सांपूर्वी छापलंय." समोरून उत्तर येत नसे. पण बनाबाई जिवंतपणीसुद्धा तो बोलायला लागला की गप्प ऐकायची, त्यामुळे फारसा फरक पडत नव्हता. मात्र संध्याकाळी गेल्याची वेळ लिहिताना त्याला रोज वाईट वाटायचं. ती पाच वाजता निघायची आणि तो सात वाजता घरी पोचायचा, तर ती तिथं नसायची.

स्वतःचं नाव त्यानं एकदाही लिहिलं नाही. शिपाई म्हणजे काही वाचक नव्हे.

सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत अखेर समिती आली. प्रमुख होत्या राजलक्ष्मी मॅडम, विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या मोठ्या अधिकारी. चष्मा दोरीला बांधलेला, आवाज मऊ. त्यांनी कपाटं बघितली, पालाही बघितला, आणि रजिस्टर पुढं ओढलं. हिंदुराव सर दाराशी उभे, त्यांच्यामागं महिपती.

"चार वर्षांत आठशेच्या वर नोंदी?" मॅडम म्हणाल्या. "पुण्यात आमच्याकडेसुद्धा या विषयांना एवढे वाचक नसतात. हिंदुराव, ही खोली हलवायची काही गरज दिसत नाही मला."

हिंदुराव सरांची छाती दोन इंच फुगली. चार वर्षं त्यांनी ते रजिस्टर उघडलंही नव्हतं. महिपतीनं कमरेची किल्ली घट्ट धरली. जिंकलो, असं त्याला वाटलं.

मग मॅडमनी पान उलटलं, आणि चष्मा लावून खाली वाकल्या. आणखी दोन पानं उलटली. सगळीकडे जांभळे अंगठे.

"हे वाचक सहीऐवजी अंगठा करतात?"

हिंदुराव सर घामाघूम झाले, पण माणूस हजरजबाबी. "साक्षरतेच्या वर्गातल्या बाई आहेत, मॅडम. नव्यानं शिकतायत. आवड फार."

मॅडमनी महिपतीकडे बघितलं. "खरं का मामा? येतात या बनाबाई?"

महिपतीनं नुसतं 'व्हय' म्हणायचं होतं. एका शब्दाचं काम. हिंदुराव सर डोळ्यांनी सांगत होते, म्हण की लेका. पण बनाबाई खोलीत यायचं म्हणत होती तेव्हा त्यानं तिला आणलं नव्हतं, आणि आता ती येते म्हणून सांगायचं? त्याची जीभ रेटेना.

"न्हाय येत," तो म्हणाला. "माझी बायको ती. वारली आठ वर्सांमागं. यायचं म्हनायची, मी आनली न्हाय. म्हनून आता आनतो."

सर भिंतीकडे बघू लागले. मॅडमनी चष्मा काढला.

"मग पुस्तकं कोण वाचतं, मामा?"

"मीच वाचून दावतो तिला." आणि घाबरल्या माणसाला सुचेल ते सुचतं तसं महिपतीनं शेळीच्या पोटफुगीचा उपाय धडाधडा म्हणून दाखवला, पान क्रमांकासकट. पुढं खुरकुताच्या रोगावर आला तेव्हा मॅडमनी हात वर केला. त्यांचे डोळे भरले होते.

"तुम्ही गप्प बसला असता तर खोली राहिली असती, मामा. आता मला खरं लिहावं लागेल. तुमच्यावर काही येणार नाही एवढं बघते. पण पुस्तकं राहणार नाहीत."

"व्हय," महिपती म्हणाला. ते एका शब्दाचं काम त्यानं आता केलं.

एप्रिलमध्ये ट्रक आला. अकराशे पुस्तकं महिपतीनं स्वतःच्या हातानं खोक्यांत भरली, पाला काढून, जुन्या धोतराच्या तुकड्यांत गुंडाळून. हमाल खोकं आदळायला लागले की त्यांच्यावर ओरडायचा. मॅडमनी निरोप दिला होता की ते रजिस्टरही पुस्तकांबरोबर पाठवा, वेगळं जपून ठेवू. हे ऐकून त्याला बरं वाटलं आणि रडूही आलं.

शेवटचं खोकं बंद करायच्या आधी त्यानं रजिस्टर उघडलं. त्या दिवशीची तारीख घातली. बनाबाईचं नाव लिहून अंगठा उमटवला. खालच्या ओळीत पहिल्यांदाच लिहिलं, महिपती म्हस्कू ओव्हाळ, निमगाव केतकी. पुस्तक तेच, गुराढोरांचं. आल्याची वेळ अकरा. सही केली. गेल्याच्या वेळेचे दोन्ही रकाने त्यानं कोरे ठेवले, रजिस्टर खोक्यात घातलं आणि वरून दोरी आवळली. खोलीची किल्ली ऑफिसात जमा केली.

कधी नव्हे ते तो तीनच्या एसटीनं निमगावला आला. हंगाम संपला होता, रस्ता मोकळा होता, गाडी पळत आली. शेजारची भागूबाई अंगणात तांब्या घासत होती. बनाबाईला शेवटचं न्हाऊ घालून लुगडं नेसवणारी तीच.

"का वो भावजी, आज दिवसाउजेडी?"

"बनाला पुण्याला धाडली," महिपती म्हणाला.

भागूबाईचा हात थांबला. माणूस एकटा राहून राहून असं होतं, हे तिला ठाऊक होतं. तिनं त्याला खोटं पाडलं नाही.

"एकलीच धाडली? तुमी न्हाय गेला?"

"मी बी गेलोय," तो म्हणाला, आणि घराचं कुलूप काढायला वाकला.