साडूंची ताकद

माझ्या साडूंइतका ताकदीवर भरवसा असलेला माणूस उदगीरच्या किल्ल्यात तोफा धडधडत होत्या तेव्हाही झाला नसेल. हे वाचून ते पैलवान वगैरे असतील असं वाटेल, तर तसं काही नाही. उदगीरला भांड्यांचं दुकान, अंगानं काडी, लोणच्याच्या बरणीचं झाकण अडलं की बरणी घेऊन बायकोकडं जाणार. त्यांची ताकद होती ती मोबाइलवरच्या ऑनलाइन खेळात. दुकानाच्या पायरीवर बसून आम्ही दोघांनी तो एकाच दिवशी सुरू केला. प्रत्येकाला एक योद्धा मिळतो, लढेल तसे गुण मिळतात, ते ताकद, चपळाई, अक्कल, नशीब यांत वाटायचे. मी बँकेतला माणूस, सगळ्यांत थोडे थोडे टाकले. साडूंनी शेवटचा गुणसुद्धा ताकदीत घातला. "अहो, थोडी अक्कल घ्या," म्हटलं, तर म्हणाले, "ती घरात हाय की. तुमच्या मेव्हणीकडं."

ठोकून बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाला भांडं न देणारा हा माणूस खेळातही तसाच. ताकदीत एक गुण टाकला की लगेच वेशीबाहेरच्या रानडुकराला सोटा घालून बघणार. आधी डुक्कर नऊ फटक्यांत पडायचं, मग आठ, मग सहा. एक फटका कमी झाला की चेहऱ्यावर नातू झाल्याचा आनंद. चपळाईच्या नावानं शिमगा असल्यामुळं निम्मे फटके हवेत जायचे, ते सोडा. त्यात घरची रीत अशी की समोर राक्षस आला तरी आधी "शरणार्थ" म्हणून नमस्कार, मग सोटा. तोवर राक्षस दोन तडाखे देऊन मोकळा. मैदानात आमची दोघांची जुंपली की मात्र मी एका फटक्यात आडवा, आणि पडलेल्याला त्या दिवशी पुन्हा उतरता येत नाही. "उठा की साडूभाऊ," म्हणत हसायचे. लई राग यायचा मला.

मग माझी नांदेडला बदली झाली. साडूंना फोनवर बोलता येत नाही. "जेवलात का? बरं. ठेवतो." अकरा वर्षं रोज संध्याकाळी शेजारी बसलेला माणूस अर्ध्या मिनिटात संपायचा, आणि मला संध्याकाळ खायला उठायची. पण खेळात हात गुंतले की त्यांचं तोंड सुटतं. म्हणून कानात इअरफोनची बोंडं घालून मैदानात उतरू लागलो. सुरुवातीला "शरणार्थ" आणि धाड, खेळ खलास, बोलणंही खलास. पुढं काय झालं कुणास ठाऊक, मी टिकू लागलो. वीस फटके, चाळीस फटके. माझ्या जीवाची लाल पट्टी जेमतेम हलायची. तेवढ्यात मेव्हणीचा गुडघा, दुकानासमोरचं लिंबाचं झाड, कोण कुणाच्या लग्नात न जेवता गेला, सगळं बोलून व्हायचं. साडूंना बरोबरीत आणलं म्हणून मी घरात छाती काढून फिरलो. बायको म्हणाली, "असेल."

दिवाळीत उदगीरला गेलो. साडू पूजेला बसलेले, मोबाइल कट्ट्यावर उघडा. मेव्हणी म्हणाली, "दाजी, बघा तुमचं ते डुक्कर." बघितलं तर डुक्कर मजेत उभं आणि साडूंच्या योद्ध्याची ताकद एक. तीन वर्षं जमवलेली सगळी ताकद त्यांनी त्याला खेळातला काढा पाजून उतरवली होती. सुटलेले गुण दुसऱ्या कशात घातलेच नव्हते, नुसते पडून होते. पूजा आटोपून आल्यावर विचारलं, तर खाली बघत म्हणाले, "तुम्ही एका फटक्यात पडायला लागलात. बोलायचं कवा मग?"

नांदेडला येऊन मीही तो काढा घेतला. आता आमची दिवेलागणीला जुंपते आणि जेवायची हाक येईतो कुणीच पडत नाही. काल मधेच त्यांचा सोटा थांबला. मी म्हटलं, "साडू, मारा की."

"मारायलो की," ते म्हणाले. मग एक फटका घालून, "पायरीवर तुमच्या जागी कुणाला बसू देत न्हाई मी."

मी एक फटका मारला, त्यांनी एक मारला. कुणाचीच पट्टी हलली नाही. मला उदगीरला, त्या पायरीवर जाऊन बसायचं होतं.